समुद्र नसलेल्या गावातली डोलकाठी

जबलपूरच्या नर्मदेवर शिडाचं जहाज येत नाही. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून होड्या वल्ह्यांवर चालतात, आणि वर धुवांधारचा धबधबा वाट अडवून उभा. तरी डोलकाठीची भावंडं या शहरात पावलोपावली भेटतात: ध्वजस्तंभ, बिनतारी मनोरा, चौकातला हायमास्ट दिवा.

डोलकाठीचं काम शीड नुसतं उंच धरण्याचं नाही. शिडात भरलेल्या वाऱ्याचा जोर जहाजापर्यंत पोचवायचा, तोही न मोडता. एकटी काठी वाकून तुटेल, म्हणून तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दोरांचे ताण देतात. मग आडवा जोर दोर घेतात आणि काठीवर उरतो तो मुख्यतः खाली दाबणारा भार. आंग्र्यांच्या गुराब या लढाऊ जहाजांवर अशा दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. मुंबईच्या गोदीत जहाजाचं अंग सागवानी, पण डोलकाठीला पश्चिम घाटातलं सरळसोट, सागापेक्षा हलकं पून नावाचं लाकूड पसंत केलं जाई. फार मोठ्या जहाजाला एक झाड पुरत नसे. मग एका काठीवर दुसरी, तिच्यावर तिसरी चढवत.

आजचा उंच हायमास्टही असाच तुकड्यातुकड्यांनी उभा राहतो. वर निमुळता होत जाणारा पोलादी नळ, एकात एक बसवलेला. बुंध्याशी छोटं दार, आत तारेचा दोर गुंडाळलेला रहाट. रहाट फिरवला की दिव्यांचं कडं खाली येतं, म्हणजे बल्ब बदलायला कुणाला वर चढावं लागत नाही. खलाशी डेकवर उभा राहून शीड चढवतो-उतरवतो, ती युक्ती हीच.

जबलपूरला मात्र सर्वांत मोलाची काठी झेंड्याची. 18 मार्च 1923 रोजी, गांधीजींना शिक्षा झाल्याला बरोबर एक वर्ष होत असताना, पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या साथीदारांनी बंदी झुगारून इथल्या टाउन हॉलवर चरख्याचा तिरंगा फडकवला. सुंदरलालांना तुरुंगवास झाला. पुढे तीच ठिणगी नागपूरला गेली; जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने तिथला झेंडा सत्याग्रह देशभर गाजला. एका काठीवर कापड चढवायचा हक्क मिळावा म्हणून माणसं तुरुंगात गेली, हे इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं.

शोक पाळताना झेंडा अर्ध्यावर आणण्याची रीतही जहाजांवरूनच आली. आपल्या ध्वजसंहितेनुसार तो आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी वर नेऊनच खाली घ्यायचा.

जहाजावर ताण आणि दोर नेमाने तपासतात, कारण एक सैल पडला तरी डोलकाठी जाऊ शकते. आपल्या गावात नवा हायमास्ट बसत असेल, तर उद्घाटनाच्या दिवशीच ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला विचारा: तारेचा दोर आणि रहाट दरवर्षी कोण तपासणार, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार?