सुपारी कुणाची, बिदागी कुणाला?

जोयड्याच्या रामनगरात पहाटे ट्रान्झिस्टरवर धारवाड लावा नाहीतर पणजी, आकाशवाणी जागी व्हायची ती त्याच एका धुनेनं. तंबोऱ्याच्या नादावर शिवरंजनीच्या वळणाचे व्हायोलिनचे सूर, मग निवेदकाचा आवाज, आणि तोवर चुलीवरचा चहा उकळलेला. या धुनेचं श्रेय बहुतेक जण वॉल्टर कॉफमन यांना देतात. 1907 साली कार्ल्सबादला जन्मलेले हे ज्यू संगीतकार हिटलरच्या सावटातून निघून 1934 मध्ये मुंबईला आले. आल्या आल्या त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. सोबतीला व्हायोलिनवादक मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. पुढे 1937 ते 1946 कॉफमन मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. म्हणजे हे श्रेय खरं धरलं, तर देशात सर्वाधिक वेळा वाजलेल्या सुरावटींपैकी एक ना पुरस्कारातून आली ना खास सुपारीतून. पगारी नोकरीतलंच काम असावं!

कॉफमन पुढे कॅनडात गेले, 1948 पासून विनिपेगचा वाद्यवृंद त्यांनी सांभाळला. त्याच कॅनडात आज ज्यू संगीतासाठी जाडजूड बिदागी मिळते. गायिका शॅरन अझ्रिएली यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या अझ्रिएली पुरस्कारांत विजेत्याला रोख 50,000 कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण 30 लाख रुपये. वर मॉन्ट्रियलमध्ये पहिला प्रयोग आणि ध्वनिमुद्रण. ज्यू संगीताच्या पुरस्कारांना जात, धर्म, वय, देश यांची अट नाही. नव्या रचनेची सुपारी मागणाऱ्यानं मात्र एका प्रश्नाला भिडायचं: ज्यू संगीत म्हणजे नेमकं काय?

2018 ची ही सुपारी केली-मरी मर्फी यांना मिळाली. त्यांनी वीणेसारख्या हार्पला आणि चेलोला समोरासमोर बसवून दुहेरी कंचेर्टो लिहिला. 2022 ला ती तेहरानमध्ये जन्मलेल्या इमान हबीबींकडे गेली. त्यांनी धरला चौदाव्या शतकातला कवी शाहीन. भाषा फारसी, लिपी हिब्रू, कवी ज्यू!

यात नवल वाटत असेल, तर आपल्या अलिबागकडे बघा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल ज्यू घरी मराठीच बोलत. 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि मंडळींनी ज्यू कीर्तन उभं केलं. आख्यानात अब्राहाम, योसेफ, मोशे आणि ती सांगायला साकी-दिंडीसारख्या आपल्याच चाली. कीर्तनकार पुढे, साथीदार मागे, श्रोते मांडी घालून. ‘ज्यू संगीत म्हणजे काय’ या प्रश्नाला हे उत्तर पाठवलं असतं तर परीक्षकांची पंचाईत झाली असती. माझं मत विचाराल तर 30 लाख तिथेच द्यायला हवे होते.

सुपारी देणाराही ज्यू असायला हवा असं नाही. इंग्लंडमधल्या चिचेस्टर कॅथेड्रलचे डीन वॉल्टर हसी यांनी अमेरिकन ज्यू संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनकडे एक रचना मागितली. वर आडून सुचवलं, तुमच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेचा थोडा वास आला तर आमची हरकत नाही! बर्नस्टाइननं ख्रिस्ती चर्चसाठी हिब्रू स्तोत्रं बांधली: ‘चिचेस्टर साम्स’, 1965. उलट न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू सिनगॉगचे गायक डेव्हिड पुटरमन दरवर्षी नव्या रचना मागवत. त्यांनी बर्नस्टाइनकडून घेतल्या, तशा कृष्णवर्णीय ख्रिस्ती संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल यांच्याकडूनही.

आणि आता 1919 ची भानगड. अमेरिकेत एलिझाबेथ कूलिज या धनिक बाईंची स्पर्धा, व्हायोलाच्या रचनेला 1,000 डॉलर. 72 प्रवेशिका आल्या, सगळ्या निनावी. परीक्षकांची मतं दोन रचनांत अगदी समसमान विभागली, तेव्हा कूलिजबाईंनीच कौल दिला: अर्नेस्ट ब्लॉक. ‘शेलोमो’ लिहून ज्यू संगीतकार म्हणून नाव झालेले तेच ब्लॉक. उत्सुकतेपोटी दुसरं पाकीट उघडलं, तर आत रिबेका क्लार्क! बाईमाणूस असं लिहील यावर काहींचा विश्वास बसेना. मग कुजबुज सुरू झाली, की रिबेका क्लार्क नावाची कुणी नाहीच, ते ब्लॉकचंच टोपणनाव.