वेळ कुणाला विचारायची?

आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी पिप् पिप् वाजलं की आपल्या बहुतेकांच्या घरी वडीलमंडळी मनगटावरचं घड्याळ लावून घेत. मग भिंतीवरचं घड्याळ त्या मनगटावरून लागायचं, आणि शेजारच्या काकूंचं आपल्या भिंतीवरून. काकूंना वेळ मिळायची ती तिसऱ्या हाताची, पण कुकर लावायला तेवढी पुरे.

संगणकांची घड्याळं आजही याच रीतीने लागतात. अणुघड्याळ किंवा जीपीएसचा रिसीव्हर म्हणजे स्ट्रेटम शून्य, त्याला थेट जोडलेला संगणक स्ट्रेटम एक, त्या संगणकाला विचारणारा दोन. असं पंधरापर्यंत जाता येतं. सोळा म्हणजे ‘याचं घड्याळ लागलेलंच नाही’. ही पद्धत, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल उर्फ एनटीपी, डेव्हिड मिल्स यांनी बसवली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा. पुढे डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी आयुष्यभर तीच घासूनपुसून घेतली. त्यांना जन्मापासून काचबिंदू होता, उतारवयात दृष्टी पार गेली. जानेवारी २०२४ मध्ये, ८५ व्या वर्षी ते वारले. आपल्यापैकी निम्मी मंडळी ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहेत, पण हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

युक्ती मोठी सुरेख आहे. मी प्रश्न पाठवताना माझी वेळ टिपतो. सर्व्हर प्रश्न पोचल्याची आणि उत्तर निघाल्याची त्याची वेळ टिपतो. उत्तर हाती आल्यावर मी पुन्हा माझी टिपतो. या चार वेळांवरून जाण्यायेण्यात किती वेळ गेला आणि माझं घड्याळ किती चुकलंय, दोन्ही निघतं. मात्र जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरून! रस्ता एका बाजूने तुंबला तर हिशेब तेवढा चुकतो.

आता युनिक्सवाल्यांच्या कामाचं. पूर्वी हे काम ‘एनटीपीडी’ नावाचा एकच प्रोग्रॅम करी. आज चार भाऊबंद आहेत: क्रॉनी, एनटीपीसेक, ओपन-एनटीपीडी आणि सिस्टिमडीबरोबर येणारा धाकटा टाइमसिंकडी. रेड हॅटने २०१९ च्या आठव्या आवृत्तीत जुना एनटीपीडी काढून क्रॉनी तेवढा ठेवला. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत त्याच्या जागी एनटीपीसेक आणला. चौघांनाही एकच घड्याळ फिरवायचं असतं, म्हणून डेबियनमध्ये एक पॅकेज घातलं की दुसरं आपोआप बाहेर जातं. हे बरंच आहे. एका स्टिअरिंगवर दोन ड्रायव्हर नकोत.

पॅकेज करणाऱ्याच्या छोट्या छोट्या निर्णयांना केवढी किंमत असते, ते इथे दिसतं. उदाहरणार्थ, एनटीपीडीला हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की तो ‘काहीतरी भलतंच आहे’ म्हणून काम सोडून देतो. मदरबोर्डवरची बॅटरी मेलेलं मशीन तर कधीकाळच्या तारखेला जागं होतं. म्हणून सुरुवातीला एकदाच मोठी उडी मारायची परवानगी पॅकेजवाले आधीच देऊन ठेवतात. क्रॉनीत ती ‘मेकस्टेप’ या ओळीने मिळते. नंतर मात्र घड्याळ हळूहळू सरकवायचं, सेकंदामागे फार तर अर्धा मिलिसेकंद, हा एनटीपीडीचा शिरस्ता. मागे उडी मारली तर डेटाबेसमध्ये उद्याचा व्यवहार कालच्या आधी दिसायचा!

दुसरं उदाहरण डोकं खाणारं. डेबियनच्या एनटीपी पॅकेजात अशी सोय होती की डीएचसीपीने टाइम सर्व्हर सुचवले तर ते धरायचे आणि फाइलीतले सोडायचे. आपण बिचारे ‘एनटीपी.कॉन्फ’ बदलतोय, सर्व्हिस पुन्हा चालू करतोय, आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी बनवलेली दुसरी फाइल वाचतोय.

हे सगळं कशासाठी, असं घरची मंडळी विचारतात. आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. एका ग्राहकाच्या सिस्टिममध्ये रात्री रेकॉर्ड्स पुसली गेली. लॉग पाहिले तर पुण्याच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलीने पुसण्याचा हुकूम दिलेला, आणि त्यासाठीची परवानगी इथून गेली ती तब्बल चार मिनिटांनी. म्हणजे परवानगीआधीच हात चालवला! इथल्या साहेबांनी तिला काढायचंच ठरवलं होतं. मग कुणीतरी शांतपणे दोन्ही मशीनची घड्याळं शेजारी ठेवून पाहिली. तिथल्या फायरवॉलच्या साफसफाईत यूडीपीचं १२३ क्रमांकाचं दार बंद झालं होतं. एनटीपी त्याच दाराने बोलतो. साध्या क्वार्ट्झच्या घड्याळात दहा लाखांत वीस भागांचा फरक सहज असतो. दिवसाला पावणेदोन सेकंद. साडेचार महिन्यांत चार मिनिटं. लॉगिनसाठी केर्बेरॉस पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो, म्हणून कुणाला पत्ताच नाही. मुलीने सगळं रीतसर केलं होतं. तिची नोकरी राहिली.

आता सर्व्हर किती आणि कुठले घ्यावेत? एक घेतला तर तो सांगेल ते प्रमाण. दोन घेतले आणि त्यांचं पटलं नाही तर खरा कोण, कळायला मार्ग नाही. तिघांत बहुमत होतं, पण एक गेला की पुन्हा भांडण. म्हणून चार. ड्रिफ्टफाइलची ओळ ठेवावी, म्हणजे आपलं घड्याळ किती पळतं हे मशीन बंद झालं तरी लक्षात राहतं. ‘आयबर्स्ट’ लिहावं, म्हणजे सुरुवातीला झटपट लागतं. एनटीपीसेकसारख्या डीमनमध्ये ‘नोक्वेरी’चं बंधन काढू नये. २०१३-१४ मध्ये उघड्या एनटीपी सर्व्हरना छोटासा प्रश्न विचारून त्यांचं भलंमोठं उत्तर तिसऱ्याच्याच अंगावर टाकायचे हल्ले झाले, ते याच दारातून.

आणि कुणाचा पत्ता वापरतोय हे पाहावं, ही कळकळीची विनंती. मे २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या टाइम सर्व्हरवर अचानक पूर लोटला. नेटगिअर कंपनीच्या काही घरगुती राउटरांत त्या सर्व्हरचा आकडी पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर आलं नाही तर ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. असे राउटर सात लाखांवर! एका वेळी सेकंदाला अडीच लाखांच्या आसपास पॅकेटं येत होती. विद्यापीठाने फुकट पाणपोई घातली होती, तिथे कुणी गावभरचे टँकर जोडावेत, तसं झालं.

त्याच वर्षी एड्रियान फॉन बिडर यांनी ‘पूल’ सुरू केला होता: जगभरच्या स्वयंसेवकांचे सर्व्हर एका नावाखाली, मागणी आळीपाळीने सगळ्यांवर. त्यातही कंपन्यांनी आणि डिस्ट्रिब्युशनांनी सर्वसाधारण नाव न वापरता स्वतःचं मागून घ्यायचं असतं. म्हणून डेबियनच्या फाइलीत ‘डेबियन’ शब्दासकट पूलचं नाव दिसतं. काही बिघाड झाला तर तेवढाच नळ बंद करता येतो. घरी स्थिर पत्त्याचं इंटरनेट असेल तर आपणही एक सर्व्हर देऊ शकतो. मंडळाच्या सहलीला लाडू देतो तसंच.

लीप सेकंदाची भानगडही ऐकून ठेवा. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस घातला. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ चे पहाटेचे साडेपाच वाजत होते. गूगलचे सर्व्हर तो सेकंद एकदम न घालता तासन्‌तास थोडाथोडा पसरतात. बाकीचे बहुतेक एकदम घालतात. टिळक पंचांगाचे गणपती काही वर्षी महिनाभर आधी बसतात ना, तसंच. दोन्ही पंचांगं आपापल्या जागी ठीक, पण एकाच घरात दोन्ही धरून सण ठरवू नयेत. एका फाइलीत दोन्ही जातींचे सर्व्हर मिसळू नका.

भारतात ऑफिस असेल तर आणखी एक. तिथल्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये फर्मान काढलं, की घड्याळं एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी लावावीत. मुंबईकर एकेकाळी इतकं सहज ऐकत नसत. १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ भारताच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे चालत होता.

मार्च उजाडला की ‘आईला फोन साडेनऊ तास धरून करायचा की साडेदहा?’ हा गोंधळ होतो, त्यात एनटीपीला ओढू नका. तो फक्त यूटीसी सांगतो. उन्हाळी वेळेचे नियम ‘टीझेडडेटा’ या वेगळ्या पॅकेजात असतात.

आज घरी गेल्यावर, क्रॉनी असेल तर, ‘क्रॉनी-सी सोर्सेस’ हा हुकूम देऊन पाहा. ज्या ओळीत तारका आहे तो निवडलेला सर्व्हर. फुली म्हणजे तो खोटं बोलतोय असं बाकीच्यांचं मत. ‘रीच’च्या रकान्यात ३७७ दिसलं तर शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तरं आली. शून्य दिसलं तर फायरवॉलवाल्याला फोन करा, आणि १२३ नंबरचं दार उघडं आहे का ते विचारा.