वृद्ध कुत्र्याचे आखडलेले सांधे

डिसेंबर-जानेवारीत रायपूरचे रात्रीचे तापमान 12-13 अंशांपर्यंत उतरते. तात्यापारा किंवा बूढापारा या जुन्या वस्त्यांतील एखाद्या घरी अशा पहाटे दहा-अकरा वर्षांचा कुत्रा उठू पाहतो, तेव्हा पुढचे पाय आधी सरळ होतात आणि मागचा भाग काही क्षण जमिनीवरच राहतो. पहिली काही पावले तो ताठरपणे टाकतो. दहा मिनिटांनी चाल मोकळी होते. घरची माणसे म्हणतात, ‘आता वय झाले त्याचे.’ ते खरेच असते. परंतु असे म्हटल्यावर त्याला दुखते आहे काय, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

दुखत असूनही कुत्रा सहसा विव्हळत नाही. तो जिन्याच्या पायरीशी थांबतो, खाटेवर उडी मारणे सोडतो, एकच सांधा वारंवार चाटतो, कमरेला हात लावताच गुरगुरतो. याला पुष्कळदा हट्ट किंवा चिडखोरपणा समजले जाते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि पोकळीत वंगणासारखा द्रव असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती एकदा झिजली की फारशी भरून येत नाही. सांध्याला दाह होतो, कडेने हाड वाढू लागते, आणि दुखणारा पाय कमी वापरल्याने भोवतालचे स्नायू क्षीण होतात. मग सांध्यावरचा ताण आणखी वाढतो. अल्सेशियन व लॅब्राडोर यांसारख्या मोठ्या जातींत खुब्याचा सांधा मुळातच सैल राहण्याची प्रवृत्ती असते, म्हणून त्यांना हा विकार लवकर गाठतो.

झीज परत फिरवता येत नाही. वेदना मात्र पुष्कळ कमी करता येते, आणि त्याचा आरंभ औषधापेक्षा ताटलीपासून करावा. अमेरिकेत 1987 साली लॅब्राडोरच्या 48 पिल्लांवर एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न देण्यात आले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कमी खाणारे कुत्रे सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले आणि सांध्यांच्या विकारावर उपचार करण्याची वेळ त्यांच्यावर बरीच उशिरा आली. आपल्या घरांत तूप लावलेली पोळी, चहाबरोबरचे बिस्किट आणि सणाचा पेढा प्रेमानेच दिला जातो. परंतु त्या प्रेमाचा भार खुब्यावर पडतो. बरगड्यांवरून हात फिरवताच त्या सहज हाताला लागाव्यात, इतपत अंग असावे.

वेदनाशामक औषधांविषयी अधिक सावध राहणे आवश्यक आहे. आजीच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी कुत्र्याला अर्धी करून देण्याची चूक फार सहज घडते. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; पॅरासिटामॉलची मात्रा जास्त झाल्यास यकृत बिघडते. डायक्लोफेनॅकची कथा तर कुत्र्यापुरती राहिली नाही. हे औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. 2004 मध्ये हे कारण जाहीर झाले आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात. परंतु वजनानुसार, अन्नाबरोबर आणि यकृत व मूत्रपिंडे तपासून, तेही पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच. ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड चालू असताना ते देऊ नये. काळे, डांबरासारखे शौच किंवा उलट्या दिसल्यास गोळी तत्काळ थांबवून पशुवैद्याकडे जावे.

उरलेले उपाय साधे आहेत. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात. त्यासाठी जाण्यायेण्याच्या वाटेवर तरटाच्या पट्ट्या अंथराव्यात आणि नखे वेळेवर कापावीत. रात्री जाड गादी जमिनीपासून थोडी उंच, वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवावी. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटे शेकल्यास ताठरपणा सैल होतो. सांधा सुजून गरम झाला असेल तर मात्र शेकू नये. मोहरीचे तेल चोळण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्यातील चोळण्याचा थोडा उपयोग होत असावा. तेल मात्र कुत्रा चाटून टाकतो.

पूर्ण विश्रांती ही दयेपोटी होणारी चूक आहे. रविवारी एकदाच तेलीबांधा तलावाला मोठी फेरी घालण्यापेक्षा रोज तीन वेळा दहा-दहा मिनिटे सपाट जागी हळू चालवणे बरे. मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो तेव्हा तापलेल्या डांबरी रस्त्याने पंजे भाजतात. म्हणून पहाटे किंवा सूर्यास्तानंतर बराच वेळ थांबून बाहेर पडावे.

प्रत्येक लंगडणे वयाचे नसते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे दुखतात, आणि तो विकार बरा होण्यासारखा असतो. हाडाच्या कर्करोगातही एकच पाय दुखू लागतो. ताप, एकाएकी आलेले लंगडणे, मागचे पाय फरफटणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीला जाताना आठवडाभराची टिपणे बरोबर न्यावीत: सकाळी उठण्यास किती वेळ लागला, कोणती पायरी टाळली, कोणत्या पायावर भार कमी दिला. तपासणीच्या टेबलावर भीतीने ताठ उभा असलेला कुत्रा यांतले काहीच दाखवीत नाही.