आंकड्यांचा फलक व त्यावरील चाळणी

खळ्यावर मळलेलें धान्य उफणून व चाळून मगच पोत्यांत भरावयाचें, हें कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. चाळणीचीं भोकें फार लहान असलीं तर मातीही दाण्याबरोबर राहते. फार मोठीं असलीं तर चांगला दाणाही खालीं गळून जातो. हल्लीं पाऊस व बाजारभाव यांचे आंकडे मोबाइलवर किंवा संगणकावर घरबसल्या पाहावयास मिळतात. तेथेंही एक चाळण असते. तिला फिल्टर म्हणतात. ती नीट लावली नाहीं तर खऱ्या आंकड्यावरूनही खोटा निष्कर्ष निघतो, व त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास बसतो. या चाळणी काय करतात, आणि विंझरसारख्या गांवच्या शेतकऱ्यानें त्या कशा लावाव्या, एवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फलक म्हणजे काय

व्यापारी पेढ्या व सरकारी खातीं आपल्या दफ्तरांतील हजारों नोंदी एकत्र करून त्यांच्या बेरजा, सरासऱ्या, आलेख व नकाशे एकाच पडद्यावर मांडतात. या फलकास डॅशबोर्ड, व या विद्येस बिझनेस इंटेलिजन्स असें नांव आहे. पॉवर बीआय व टॅब्लो हीं त्याचीं प्रसिद्ध साधनें होत. साधा फलक एक्सेलमध्येंही करतां येतो. मूळ कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेच्या १८९० सालच्या खानेसुमारींत हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रानें भोकें पाडलेलीं कार्डें मोजून हवी ती माहिती वेगळी काढली होती. आपल्याकडील तलाठी गांव नमुना १२ वरून एकट्या भाताखालील क्षेत्र काढीत असे, तेव्हां तोही हातानें चाळणच लावीत असे.

आमच्या वाचकांच्या उपयोगाचीं ठिकाणें मुख्यतः तीन. केंद्र सरकारचें ॲगमार्कनेट २००० सालीं सुरू झालें. त्यांत देशांतील बाजार समित्यांची आवक व दर मिळतात. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या राज्यांतील बाजारांचे किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतात. तिसरें, २०१७ सालीं सुरू झालेल्या महावेध योजनेखालीं महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें बसविलीं गेलीं. त्यामुळें पावसाचा आंकडा मंडळवार मिळूं लागला.

चाळण लावली म्हणजे नोंदी नष्ट होत नाहींत. त्या फक्त दृष्टीआड होतात. परंतु पडद्यावरील प्रत्येक बेरीज व सरासरी त्याच क्षणीं उरलेल्या नोंदींवरून नव्यानें मांडली जाते. सबब पडद्यावरील आंकडा हा नेहमीं लावलेल्या चाळणींचा आंकडा असतो, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

ठिकाणाची चाळण

विंझर हें नसरापूरहून वेल्ह्यास जाणाऱ्या रस्त्यावरील गांव. तालुक्यांत वेल्हे, पानशेत, विंझर व आंबवणे अशीं पावसाचीं मंडळें आहेत. सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेकडे यावें तसा पाऊस झपाट्यानें उतरत जातो. मढे घाटाच्या बाजूचें पाऊसमान निराळें व खालच्या खोऱ्यांतलें निराळें. अशा मुलखांत तालुक्याची सरासरी कोणाच्याच शेताची नसते.

उदाहरणादाखल एका दिवसाचा पाऊस मनानें धरूं: वेल्हे ११८, पानशेत ९६, विंझर ४२ व आंबवणे २४ मिलिमीटर. बेरीज २८०, सरासरी ७०. आतां चोवीस तासांत मंडळांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे सरकार ती अतिवृष्टि मानतें. ज्यानें तालुक्यावरच चाळण थांबविली त्यास विंझरला अतिवृष्टि झालीसें वाटेल, व तो मदतीच्या भरंवशावर बसेल. मंडळाचा आंकडा मात्र ४२ च आहे. याच्या उलटही घडतें. एकट्या विंझरला ८० मिलिमीटर पडून तालुक्याची सरासरी ५० आली, तर हक्क असूनही मनुष्य स्वस्थ बसतो. पुष्कळ पिकांच्या विम्यांतही मंडळ हेंच एकक असल्यामुळें जिल्हा, तालुका, मंडळ अशा तीनही पायऱ्या उतरल्याखेरीज फलक मिटूं नये.

येथें नांवाचाही एक घोटाळा संभवतो. वेल्हे तालुक्याचें नांव आतां राजगड झालें आहे. जुन्या नोंदी अर्थातच वेल्हे या नांवाखालीं आहेत. यंत्रास हीं दोन नांवें एकाच तालुक्याचीं हें आपोआप कळत नाहीं. अनेक वर्षांचा पाऊस ताडून पाहावयाचा असेल तर यादींत दोन्ही नांवें आहेत काय तें पाहावें, व असल्यास दोन्हींवर खूण करावी.

मालाची व जातीची चाळण

ॲगमार्कनेटवर भात व तांदूळ हे दोन निरनिराळे माल आहेत. सडलेला तांदूळ विकावयाचा असतां भाताचा दर पाहिला तर तो फार कमी दिसेल, व दारीं आलेल्या व्यापाऱ्याची पहिलीच मागणी उदार वाटेल. जातीचेंही तसेंच आहे. आपल्या खोऱ्यांतील इंद्रायणीचा दर पाहण्यासाठीं जातीची चाळण लावावी हें योग्य. परंतु कित्येक नोंदींत जातीचा रकाना मोकळा असतो, किंवा त्यांत ‘इतर’ एवढेंच लिहिलेलें असतें. त्या नोंदी चाळणींतून मुकाट्यानें गळून जातात. म्हणून प्रथम जातीची चाळण न लावतां एकंदर आवक पाहावी, मग ती लावावी, आणि किती क्विंटल गळाले तें पाहावें. शंभरांतले नव्वद क्विंटल गळाले असतील तर उरलेल्या दहांच्या दरावर विक्रीचा निर्णय करणें शहाणपणाचें नव्हे.

काळाची चाळण व सरासरी

फलक उघडतांच बहुधा कांहीं मुदत आधींच लावलेली असते. कोठें आजचा दिवस, कोठें चालू महिना. ती वाचल्याशिवाय पुढें जाऊं नये. काढणीनंतर आवक वाढून दर उतरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. यास्तव या महिन्याची तुलना मागील महिन्याशीं न करतां मागील वर्षाच्या त्याच महिन्याशीं करावी.

सरासरीविषयीं विशेष सावध राहावें. समजा, एके दिवशीं ५ क्विंटल तांदूळ ६००० रुपये दरानें व दुसरे दिवशीं ९५ क्विंटल ५००० रुपये दरानें गेला. दोन दरांची साधी सरासरी ५५००. परंतु एकंदर शंभर क्विंटलांचे ५,०५,००० रुपये आले, म्हणजे खरा दर ५०५० च पडला. क्विंटलमागें ४५० रुपयांची ही तफावत वीस क्विंटलांस ९००० रुपये होते. साध्या सरासरीवर विसंबून जो ५५०० साठीं माल अडवून बसेल, त्याची गोदामांतली घूस व घरांतली निकड दोन्ही वाट पाहणार नाहींत.

अनेक चाळणी एकत्र

निरनिराळ्या रकान्यांवर चाळणी लावल्या म्हणजे त्या सर्व अटी पुऱ्या करणारीच नोंद उरते: माल तांदूळ, आणि बाजार पुणे, आणि महिना डिसेंबर. एकाच रकान्यांत मात्र दोन खुणा केल्या तर पुणे किंवा भोर, अशा दोहोंच्याही नोंदी येतात. पहिल्या रीतीनें माल कमी होत जातो, दुसऱ्या रीतीनें वाढतो. हा भेद न कळल्यामुळेंच पुष्कळांची गफलत होते. एकामागून एक चाळणी लावीत गेल्यास शेवटीं एखाददुसरीच नोंद हातीं राहते, व मनुष्य तिलाच बाजारभाव समजतो.

आणखी एक गोष्ट. मोकळा रकाना व शून्य या दोन भिन्न गोष्टी होत. शून्य म्हणजे पाऊस पडला नाहीं. मोकळा रकाना म्हणजे नोंदच आली नाहीं, मग केंद्र बंद असो वा संपर्क तुटलेला असो. आपल्या शिवारांत पाणी वाहत असतां फलकावर रकाना मोकळा दिसला, तर ती गोष्ट त्याच दिवशीं तलाठ्यास व कृषि सहायकास लेखी कळवावी. पुढें आठवणीवर भांडण्यापेक्षां त्या दिवसाचा कागद हातीं असणें बरें.

पाळावयाचे नियम

पहिला: फलक उघडल्यावर प्रथम सर्व चाळणी काढून टाकाव्या, व आपल्या आपण लावाव्या. दुसरा: एका वेळीं एकच चाळण बदलावी आणि आंकडा किती हलला तें पाहावें. तिसरा: दराबरोबर आवक व पावसाबरोबर मंडळ, यांवांचून आंकडा टिपूं नये. चौथा: मोबाइलवरून फिरणाऱ्या चित्रांतील आंकडा, त्यावर ठिकाण, माल व मुदत छापलेली नसल्यास, खरा धरूं नये; पाठविणाऱ्यानें कोणती चाळण लावली होती हें त्या चित्रास सांगतां येत नाहीं.

ज्यांस हें यंत्र हाताळणें जड वाटतें त्यांनीं गांवांतील एखाद्या शिकलेल्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवावें; मात्र कोणत्या चाळणी लावावयाच्या हें आपण सांगावें. बोटें मुलांचीं चालतील, पण शेत, माल व मुदत यांचें ज्ञान शेतकऱ्याचेंच आहे. सोसायटीच्या दर महिन्याच्या बैठकींत विंझर मंडळाचा पाऊस व पुणें-भोर बाजारांचे दर त्यांच्या चाळणींसह फळ्यावर लिहिण्याचा प्रघात पाडला, तर ज्यांच्या घरीं असें यंत्र नाहीं त्यांसही त्याचा लाभ होईल. आपल्या मालाचा व आपल्या आपत्तीचा आंकडा आपण स्वतः वाचावा. तो दुसऱ्यानें वाचून दाखविण्याची वाट पाहणें आतां परवडणारें नाहीं.