उलटतपासणी आणि उलट प्रश्न

'क्रॉस एक्झामिनेशन' हा शब्द आपल्याकडे कोर्टकचेरीच्या वाटेने आला. मराठीत त्यास उलटतपासणी म्हणतात. ज्या पक्षाने साक्षीदार बोलाविला, तो पक्ष प्रथम त्याची सरतपासणी घेतो. त्यानंतर प्रतिपक्षाचा वकील प्रश्न विचारून त्याचे म्हणणे कितपत टिकते हे पाहतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हा क्रम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. लंडनमधील चिरोल खटल्यात १९१९ साली सर एडवर्ड कार्सन यांनी लोकमान्य टिळकांची घेतलेली उलटतपासणी प्रसिद्धच आहे.

वर्गात याच जातीच्या प्रश्नास आपण 'क्रॉस प्रश्न' किंवा उलट प्रश्न म्हणतो. परंतु वकिलाचा हेतू साक्ष डळमळीत करण्याचा असतो. शिक्षकाचा हेतू मुलाचा विचार पक्का करण्याचा असावा. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. उलटतपासणीत उत्तर सुचविणारे, म्हणजे सूचक प्रश्न विचारण्याची कायद्याने मुभा आहे. वर्गात मात्र 'हे चूक आहे ना?' असे विचारताच मूल शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर बदलते, आणि ते मुळात काय समजले होते हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

समजा, 'शेताची लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट केल्यास क्षेत्रफळही दुप्पट होईल,' असे मुलाने सांगितले. त्यास 'चूक' न म्हणता विचारावे, '१० मीटर रुंद व २० मीटर लांब तुकड्यास एक पिशवी खत लागले. तर २० मीटर रुंद व ४० मीटर लांब तुकड्यास किती पिशव्या लागतील?' फळ्यावर आकृती काढू दिली की मूल स्वतःच चार तुकडे मोजते. बरोबर उत्तरासही 'कशावरून?' असे विचारीत जावे. एरव्ही, गुरुजींनी पुन्हा विचारले म्हणजे आपले चुकले, हे मुले लवकरच ताडतात.

राहिला मुलाने शिक्षकास केलेला उलट प्रश्न. आपल्या बोलण्यात 'उलट बोलणे' हा उद्धटपणा ठरतो, आणि कित्येक शंका तेथेच विरतात. वास्तविक जालना जिल्ह्यातच, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात श्रोता जागोजाग 'आशंका' घेतो व वक्ता तिचे निरसन करतो. त्या श्रोत्यास कोणी उर्मट म्हणत नाही. वरील गणित सुटल्यावर एखाद्याने 'गुरुजी, मग नुसती लांबी दुप्पट केली तर?' असे विचारले, तर तास संपत आला असला तरी फळ्यावर आणखी एक आकृती काढावी.