आपण न लिहिलेल्या ओळी आपल्याच नावावर

उदगीर - कोऱ्या कागदावर सही करू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. संगणकावर मात्र याच्या उलट घडू शकते. कागद आधीच लिहिलेला असतो आणि त्याखाली आपले नावही परस्पर पडलेले असते. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्स्ट एडिटरमधील 'आपोआप मजकूर' या सोयीचा हा परिणाम होय.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्नू ईमॅक्स आणि १९९१ मधील व्हिम हे या वर्गातील दोन प्रमुख एडिटर. वापरणाऱ्याला त्यांचे वर्तन हवे तसे बदलता येते. जे बदललेले नाही, तेथे कर्त्यांनी ठरवलेली मूळ सेटिंग, म्हणजेच डिफॉल्ट, लागू राहते. फाइलच्या शेवटी ओळ पूर्ण केलेली नसेल, तर साठवताना व्हिम ती स्वतःहून पूर्ण करतो. ईमॅक्समध्ये २०१४ च्या २४.४ आवृत्तीपासून एंटर दाबताच नवी ओळ योग्य अंतर सोडून सुरू होते. या सोयी निरुपद्रवी आहेत.

नव्या फाइलमध्ये तयार नमुना घालणारी ईमॅक्समधील 'ऑटो-इन्सर्ट' ही सोय अधिक गंभीर आहे. ती मुळात बंद असते. मात्र एकदा सुरू केली, की तिचे तयार नमुने लागू होतात. ईमॅक्सच्या स्वतःच्या एलिस्प भाषेतील फाइलसाठीच्या नमुन्यात लेखकाचे नाव, स्वामित्वहक्काची ओळ आणि ग्नू जनरल पब्लिक लायसन्सचा मजकूर असतो. हा परवाना इतरांना प्रोग्रॅम वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा देतो. तसेच बदललेला प्रोग्रॅम वाटताना त्याच अटी पाळण्याचे बंधन घालतो. एवढा मोठा निर्णय न वाचलेल्या ओळींतून होऊ शकतो.

लेखकाचे नाव ईमॅक्स संगणकावरील खात्यातून उचलतो. उदगीरसारख्या शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच खात्यावर अनेक विद्यार्थी काम करीत असतील, तर प्रत्येकाच्या फाइलवर एकच नाव येईल. मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचेच, असा प्रकार होईल.

उपाय सोपा आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये आपले नाव स्वतः नोंदवावे. 'ऑटो-इन्सर्ट-क्वेरी' या सेटिंगला 'टी' हे मूल्य द्यावे. मग मजकूर घालण्यापूर्वी ईमॅक्स दर वेळी परवानगी विचारतो. परवान्याच्या ओळी वाचून, पटल्या तरच ठेवाव्यात. ओळी यंत्राने लिहिल्या, तरी त्यांची जबाबदारी नाव असलेल्यावरच येते.