जुनं घर, नवा कंत्राटदार: बेंगळुरूतले पाच गैरसमज

जुनं घर घेऊन ते दुरुस्त करून राहायचं, असा बेत बेंगळुरूतली अनेक मराठी कुटुंबं आखतात. पण कंत्राटदार निवडताना ऐकीव माहितीवरच जास्त भर असतो.

गैरसमज १: आधी घर घेऊ, कंत्राटदार मग बघू.
वस्तुस्थिती: दुरुस्तीचा खर्च कळल्याशिवाय घराचा भाव ठरवताच येत नाही. विसार देण्याआधीच स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. बसवनगुडी, मल्लेश्वरममधल्या कित्येक जुन्या घरांत कॉलम नसतात. छताचा भार भिंतींवरच असतो. तिथे ‘मधली भिंत पाडून हॉल मोठा करू’ म्हणणं सोपं, पण त्याआधी वरचा भार पेलायला तुळई लागते. इंजिनिअरला वेगळी फी द्या. ज्याला काम मिळणार, त्याच्याच तपासणीवर विसंबू नका.

गैरसमज २: ओळखीतला मेस्त्री म्हणजे खात्रीचा.
वस्तुस्थिती: ओळख ही फक्त सुरुवात. त्यानं दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं घर बघा. ओल आणि भेगा तोवर दिसू लागतात. विजेच्या कामासाठी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदारच नेमा.

गैरसमज ३: ज्याचा दर कमी, तो स्वस्त.
वस्तुस्थिती: इथे दर ‘स्क्वेअर’वर सांगतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. नव्या बांधकामाला हे चालतं, दुरुस्तीला नाही. जुनं प्लास्टर काढणं, राडारोडा उचलणं, संपची (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची) गळती थांबवणं त्या दरात आहे का? तीन कंत्राटदारांकडून दर मागवा, तिघांनाही कामांची एकच यादी द्या आणि प्रत्येक बाबीचं माप, साहित्याचा ब्रँड व दर लिहून घ्या.

गैरसमज ४: रेरा आहे, मग काळजी कसली?
वस्तुस्थिती: रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, विक्रीसाठीच्या गृहप्रकल्पांना लागू होतो. स्वतःच्या घरासाठी नेमलेल्या कंत्राटदाराविरुद्ध तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते, तीही साधारणपणे दोन वर्षांच्या आत. तिथे सही केलेला करार आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद उपयोगी पडते.

गैरसमज ५: भरपूर आगाऊ रक्कम दिली की काम वेगानं होतं.
वस्तुस्थिती: पैसे टप्प्याटप्प्यानं आणि तपासणीनंतरच द्या. टाइल्स बसण्याआधी पाइपांची दाबचाचणी घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीत दोन दिवस पाणी साठवा आणि खालचं छत हात लावून बघा. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरदार पाऊस होतो. बिलाचा शेवटचा हप्ता त्यानंतरच देण्याची अट करारात आधीच घाला.